गाडी मित्राची, विमा कुणाचा?

'चावी दे ना यार' म्हणायला दोन सेकंद लागतात. पण दुसऱ्याच्या बाईकवर असताना धडपडलात तर पैसे कोण देणार? समोरच्याचे, गाडीचे... आणि तुमचे? वीकेण्डचा प्लॅन फिक्स करण्याआधी हा फंडा एकदा क्लिअर करून घ्या.

"अरे चावी दे ना, दहा मिनिटांत आलोच!"

हिंजवडीतल्या कंपनीचं पार्किंग असो, ठाण्यातली सोसायटी असो नाहीतर नाशिकच्या कॉलेज रोडवरची चहाची टपरी, हा डायलॉग दिवसातून एकदा तरी कानावर पडतोच. कुणाला एटीएमपर्यंत जायचं असतं, कुणाला गर्लफ्रेण्डला स्टेशनवर सोडायचं असतं, कुणाची स्वतःची गाडी सर्व्हिसिंगला गेलेली असते. पावसाळा सुरू झाला की सिंहगड, ताम्हिणी, माळशेजचे प्लॅन शिजायला लागतात आणि ज्याच्याकडे गाडी नाही तो हक्काने रूममेटची चावी उचलतो. नाही म्हणणारा कंजूस ठरतो. देणारा देताना फार तर एवढंच बजावतो, "पेट्रोल टाक हं, आणि मागचा ब्रेक जरा लूज आहे."

इन्शुरन्सचं नाव मात्र कुणी काढत नाही. काढलंच, तर कट्ट्यावर दोन उत्तरं ठरलेली. पहिलं, "विमा आहे ना गाडीचा? मग बिनधास्त जा!" दुसरं, "दुसऱ्याने चालवली की क्लेम मिळतच नाही, बॉस!" गंमत म्हणजे दोन्ही उत्तरं अर्धीच बरोबर आहेत. आणि जो अर्धा भाग चुकीचा आहे, तो नेमका चालवणाऱ्याच्या अंगावर येतो.

विमा गाडीचा, माणसाचा नाही

ऑनसाइट इंग्लंडला जाऊन आलेल्यांना माहीत असेल, तिकडे कोण चालवणार त्याची नावं पॉलिसीवर लागतात. आपल्याकडे तसं नाही. आपल्याकडे विमा उतरवला जातो तो गाडीचा. चालवणाऱ्याबद्दल पॉलिसीत एक छोटं कलम असतं. त्याचा साधा अर्थ असा, की मालकाच्या परवानगीने गाडी चालवणाऱ्या कुणाकडेही अपघाताच्या वेळी त्या प्रकारच्या गाडीचं चालू लायसन्स हवं आणि ते रद्द किंवा निलंबित झालेलं नको. म्हणजे मित्राची गाडी तुम्ही चालवली एवढ्याच कारणावरून कंपनी हात वर करू शकत नाही. कट्ट्यावरचं दुसरं उत्तर इथेच बाद झालं.

आता पहिल्या उत्तराकडे वळू. "विमा आहे ना?" याला "हो" म्हणणं पुरेसं नाही. कुठला आहे, हे विचारायला हवं. थर्ड पार्टी विमा मोटार वाहन कायद्याने सक्तीचा आहे. त्यातून फक्त समोरच्याची भरपाई होते. दुसरा प्रकार म्हणजे पॅकेज पॉलिसी, ज्याला आपण सर्रास 'फुल इन्शुरन्स' किंवा 'फर्स्ट पार्टी' म्हणतो. त्यात थर्ड पार्टी तर येतेच, शिवाय गाडीचं स्वतःचं नुकसान आणि चोरीही येते.

यात एक मोठी गोची आहे. सप्टेंबर २०१८ पासून नव्या दुचाकीला शोरूममध्येच सलग ५ वर्षांचा थर्ड पार्टी विमा घ्यावा लागतो. गाडीच्या नुकसानीचा भाग मात्र बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो. ते वर्ष संपतं, मालकाच्या लक्षातही राहत नाही. विचारलं की तो छातीठोकपणे सांगतो, "माझा विमा अजून तीन वर्षं आहे!" असतो खरा, पण समोरच्यासाठी. त्याच्या गाडीसाठी कधीच संपलेला असतो.

एक अपघात, चार बिलं

समजा, तुम्ही रूममेटची बाईक घेऊन निघालात. मागे ऑफिसमधला कलीग बसलाय. सिग्नलजवळ वाळूवर चाक घसरलं आणि रस्ता ओलांडणाऱ्या एका काकांना धक्का बसला. या एका क्षणातून चार वेगवेगळी बिलं तयार होतात. ती एकेक करून बघू.

पहिलं बिल, समोरच्याचं. इथे टेन्शन कमी आहे. थर्ड पार्टी विमा चालू असेल, तुमच्याकडे लायसन्स असेल आणि तुम्ही परवानगीने गाडी घेतली असेल, तर काकांची भरपाई रूममेटच्या गाडीची विमा कंपनी देते. दावा मोटार अपघात न्यायाधिकरणात चालतो. वय, कमाई आणि त्यांच्यावर अवलंबून असलेली माणसं बघून रक्कम ठरते. इजा किंवा मृत्यूच्या बाबतीत पॉलिसीत वरची मर्यादा नसते. कुणाच्या टपरीचं, काचेचं किंवा कारचं नुकसान झालं असेल, तर दुचाकीच्या पॉलिसीत ते साधारण १ लाख रुपयांपर्यंत धरलं जातं.

पण विमाच संपलेला असेल तर? मग न्यायाधिकरण भरपाईचा आदेश देतं तो मालक आणि चालवणारा या दोघांवर. कमावतं माणूस गेलं असेल तर ही रक्कम कित्येक लाखांत जाते. रूममेटचा पगार आणि तुमचा पगार, दोन्ही त्यात अडकतात. १ जून २०२२ पासून लागू झालेल्या दरानुसार ७५ ते १५० सीसीच्या बाईकचा वर्षाचा थर्ड पार्टी हप्ता होता ७१४ रुपये. मल्टिप्लेक्समधल्या एका सिनेमाच्या खर्चात येणारी गोष्ट!

दुसरं बिल, मागे बसलेल्याचं. इथे बऱ्याच जणांची विकेट पडते. डबलसीट बसलेला मित्र 'थर्ड पार्टी'त आपोआप येतो, असं आपण गृहीत धरतो. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये सांगितलं, की नुसत्या कायद्यापुरत्या थर्ड पार्टी पॉलिसीत फुकट मागे बसलेला माणूस येत नाही. पॅकेज पॉलिसीत मात्र तो येतो. विमा नियामकाने २००९ मध्ये कंपन्यांना तसं कळवलं होतं आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच फरक मान्य केला. म्हणजे मित्राच्या गाडीला 'फुल' आहे की फक्त 'थर्ड पार्टी', याच्याशी तुमच्या मागे बसणाऱ्याचा थेट संबंध आहे. बायको, बहीण किंवा कलीगला डबलसीट घेण्याआधी हे विचारून घ्या.

तिसरं बिल, गाडीचं. फुल इन्शुरन्स असेल तर दुरुस्तीचा क्लेम होतो. पण तो करायचा मालकाने, त्याच्या पॉलिसीवर, त्याच्या सहीने. कागदपत्रांत तुमच्या लायसन्सची कॉपी लागते. आणि क्लेम म्हणजे पूर्ण बिल नव्हे. प्लॅस्टिक, रबर, टायर-ट्यूब आणि बॅटरीच्या भागांवर निम्मी रक्कम घसारा म्हणून कापली जाते. 'झिरो डेप' घेतलेलं असेल तरच हा कट वाचतो.

शिवाय मालकाचा नो क्लेम बोनस जातो, तो वेगळाच. हा बोनस क्लेम न केलेल्या वर्षांप्रमाणे २०, २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्क्यांपर्यंत चढतो. एक क्लेम केला की घसरगुंडी थेट शून्यावर. हिशेब करूनच बघा. समजा, मित्राच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता सूट धरण्याआधी १,६०० रुपये आहे आणि तो ५० टक्क्यांवर पोचलाय, म्हणजे भरतो ८००. तुमच्या धडपडीमुळे त्याने क्लेम केला. हप्ता तोच राहिला असं धरलं, तरी पुढच्या पाच रिन्यूअलना त्याला अनुक्रमे ८००, ४८०, ४००, २४० आणि ८० रुपये जादा मोजावे लागतील. बेरीज २,००० रुपये. आता मडगार्ड, इंडिकेटर आणि हॅण्डल मिळून ३,००० चं बिल असेल, तर क्लेम करणं वेडेपणाच. सरळ गॅरेजवाल्याचे पैसे तुम्ही द्या आणि वर मिसळ खिलवा. मोठं नुकसान असेल तर क्लेम जरूर करा, पण कापलेली रक्कम आणि गेलेला बोनस मित्राच्या गळ्यात मारू नका. मैत्री टिकवायचा हा सर्वात स्वस्त प्रीमियम आहे.

चौथं बिल, तुमचं. पाय फ्रॅक्चर, प्लेट, रॉड, दीड महिना बेडरेस्ट. हे कोण देणार? मित्राच्या गाडीचा विमा? इथेच खरी मेख आहे.

त्या वेळेपुरते तुम्हीच मालक!

तुम्ही 'थर्ड पार्टी' नाही. गाडी परवानगीने घेऊन चालवणारा माणूस कायद्याच्या नजरेत त्या वेळेपुरता मालकाच्याच जागी असतो. आणि मालक स्वतःच्याच चुकीची भरपाई स्वतःच्याच थर्ड पार्टी विम्यातून मागू शकत नाही. एवढं साधं लॉजिक आहे. पण ते कळतं तेव्हा घरच्यांचे डोळे पांढरे झालेले असतात.

इरकली साडी आपल्याला माहीत असते. ती जिथून आली त्या कर्नाटकातल्या इळकलहून एक माणूस दुसऱ्याची मोटारसायकल मागून आपल्या गावी निघाला होता. पुढे लोखंडी पत्रे घेऊन चाललेली बैलगाडी अचानक थांबली, बाईक तिच्यावर आदळली आणि तो गेला. कुटुंबाने मोटारसायकलच्या विमा कंपनीकडे भरपाई मागितली. चूक कुणाची हे सिद्ध न करता ठरावीक रक्कम मिळण्याची जी तरतूद तेव्हा कायद्यात होती, तिच्या आधाराने. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. २००९ मध्ये न्यायालयाने सांगितलं, की गाडी उसनी घेणारा मालकाच्या जागी येतो, त्यामुळे या तरतुदीखाली त्याच्या वारसांना भरपाई मागता येणार नाही. दुसऱ्या कलमाखाली काही मिळू शकतं का, हे तपासायला प्रकरण परत हायकोर्टाकडे गेलं.

२०२० मधलं राजस्थानचं प्रकरण तर आणखी डोळे उघडणारं. दोन मोटारसायकलींची धडक झाली. गेलेला तरुण दुसऱ्याच्या मालकीच्या बाईकवर होता. पोलिसांतली तक्रार समोरच्या बाईकवाल्याविरुद्ध होती. पण कुटुंबाने दावा लावला तो फक्त उसन्या गाडीच्या मालकावर आणि तिच्या विमा कंपनीवर. समोरच्या बाईकच्या विमा कंपनीकडे ते गेलेच नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा तेच सांगितलं. उसनी गाडी घेणारा मालकाच्या जागी, म्हणून तिच्या थर्ड पार्टी विम्यातून काही नाही. पॉलिसीच्या करारात मालक-चालकासाठी जो अपघात विमा लिहिला होता, तेवढा देण्याचा आदेश झाला. किती? १ लाख रुपये.

यातून दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. एक, चूक समोरच्या गाडीची असेल, तर तिच्यासाठी तुम्ही थर्ड पार्टीच आहात. तिच्या कंपनीकडून पूर्ण भरपाई मागायचा हक्क तुम्हाला आहे, मग तुम्ही कुणाच्याही गाडीवर असा. म्हणून त्या गाडीचा नंबर, फोटो, साक्षीदार आणि पोलिसांतली नोंद ही पहिली कामं. दुसरी गोष्ट, चूक तुमची असेल किंवा गाडी आपोआप घसरली असेल, तर उसन्या गाडीच्या विम्यावर फार आशा ठेवू नका.

१५ लाखांचं ते कव्हर कुणाचं?

पॉलिसीच्या कागदावर 'मालक-चालक वैयक्तिक अपघात विमा, १५ लाख' अशी ओळ असते. २०१८ पर्यंत दुचाकीसाठी ती रक्कम १ लाख होती, त्या वर्षी ती १५ लाख झाली. ही ओळ बघून बरेच जण निश्चिंत होतात. थांबा! पॉलिसीच्या अटींनुसार हे कव्हर आरसीवर नाव असलेल्या मालकासाठी आहे. तोच गाडी चालवत हवा, पॉलिसी त्याच्याच नावाची हवी आणि लायसन्सही त्याचंच चालू हवं. चावी घेणाऱ्या मित्रासाठी ते लिहिलेलं नाही. राजस्थानच्या निकालात कुटुंबाला १ लाख मिळाले खरे, पण त्यासाठी थेट दिल्लीपर्यंत भांडावं लागलं. त्याच्या भरवशावर गाडी काढण्यात काही अर्थ नाही.

आणखी एक गैरसमज. हे कव्हर हॉस्पिटलचं बिल देत नाही. मृत्यू, हात-पाय किंवा डोळा गमावणं, कायमचं अपंगत्व, एवढ्यासाठीच ते आहे. साध्या फ्रॅक्चरला मालकालाही त्यातून काही मिळत नाही.

बाबांची गाडी, सेकंडहॅण्ड गाडी

"मी कुठे कुणाची गाडी मागतो? माझी स्वतःचीच आहे!" असं म्हणणाऱ्यांनी आरसी काढून बघा. पुण्या-मुंबईत नोकरीला आलेल्या कितीतरी जणांच्या बाईकचं पासिंग सातारा, सांगली, लातूर किंवा जळगावचं असतं आणि नाव असतं बाबांचं. तुम्ही ती रोज चालवता, हप्ते तुम्ही भरता, पण कागदावर मालक बाबा. म्हणजे १५ लाखांचं ते कव्हर बाबांचं. ते गाडी चालवत असतील तरच. विम्याच्या भाषेत तुम्ही रोज उसनी गाडी चालवताय!

सेकंडहॅण्डची तऱ्हा आणखी वेगळी. ओएलएक्सवर गाडी घेतली, पैसे दिले, चावी घेतली, ट्रान्सफर 'नंतर बघू' म्हणून राहिलं. पॉलिसी जुन्या मालकाच्या नावावर असताना गाडीच्या नुकसानीचा क्लेम करायला गेलात, की कंपनी विचारते, तुम्ही कोण? आणि विकणाऱ्याचंही टेन्शन संपत नाही. ज्याचं नाव आरसीवर, तोच कायद्याने मालक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलंय. नवा मालक चार वर्षांनी कुठे धडकला तरी नोटीस जुन्याच्या घरी. कायदा सांगतो, गाडी घेतल्यावर १४ दिवसांत पॉलिसीवर नाव बदलण्यासाठी कंपनीकडे अर्ज करायचा. आळस महागात पडतो.

चावी देणाऱ्या राजा, जरा थांब

आतापर्यंत घेणाऱ्याचं झालं. आता देणाऱ्याकडे वळू, कारण त्याचीही मान अडकलेली असते.

समोरच्याकडे लायसन्स आहे का, हे तुम्ही कधी विचारलंय? विचारायला कसंसंच वाटतं, मान्य. पण लायसन्स नसलेल्याला गाडी दिली तर कायद्यात मालकाला वेगळी शिक्षा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती ५ हजार रुपये दंड, ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. आणि दंड ही छोटी गोष्ट झाली. अशा अपघातात न्यायालयं अनेकदा कंपनीला आधी जखमीला पैसे द्यायला लावतात आणि ते मालकाकडून वसूल करायची मुभा देतात. म्हणजे लाखांची भरपाई शेवटी तुमच्या खिशातून. मालकाने निष्काळजीपणा केला, हे कंपनीने दाखवायला हवं, असं २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलंय. तुम्ही लायसन्स बघितलं होतं, याचा पुरावा जवळ असेल तर तुमची बाजू भक्कम होते. लायसन्सचा एक फोटो व्हॉट्सअॅपवर मागून घ्या. विषय संपला.

लायसन्स आहे एवढंही पुरत नाही. बिनगिअरच्या स्कूटरचं लायसन्स असलेल्या मैत्रिणीला पल्सर किंवा बुलेट देता येत नाही. लर्निंगवाल्याने 'एल' लावायलाच हवा आणि शिकवणारा लायसन्सधारक सोडून मागे कुणाला बसवायचं नाही. आणि अठरा पूर्ण न झालेल्या धाकट्या भावाने कितीही मस्का मारला तरी चावी लपवून ठेवा. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला, तर पालक किंवा मालकाला ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड आहे. गाडीचं रजिस्ट्रेशनही १२ महिन्यांसाठी रद्द होतं.

पार्टीनंतरचा सीन तर सगळ्यांना ठाऊक आहे. "मी एकदम ओके आहे!" म्हणणारा कधीच ओके नसतो. १०० मिली रक्तात ३० मिलीग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. आणि चालवणारा नशेत आहे हे माहीत असून मालकाने गाडी दिली, तर गाडीच्या नुकसानीचा क्लेमही गेला.

"सांगू या, मीच चालवत होतो"

धडपड झाल्यावर हमखास सुचणारी ही आयडिया. लायसन्स नसलेल्या मित्राऐवजी मालकानेच 'मी चालवत होतो' असं लिहून द्यायचं. दोस्तीखातर. पण क्षणभर विचार करा. खरचटलंय कुणाला? हॉस्पिटलच्या पेपरवर नाव कुणाचं? चौकातल्या सीसीटीव्हीत कोण दिसतंय? सर्व्हेअर हेच तर बघायला येतो. खोटं उघडं पडलं, की मिळणारा क्लेमही हातचा जातो. वर कुणी जखमी असेल, तर तुम्ही न केलेल्या अपघाताचे आरोपी ठरता. लायसन्सवाल्याने चालवली असेल, तर खोटं बोलायची गरजच नाही. आधी बघितलं तसं, त्याचा क्लेम मिळतोच.

गोव्याची 'रेण्ट'वाली आणि डिलिव्हरीचा जॉब

गोव्याला उतरल्यावर पहिलं काम काय? स्कूटर भाड्याने घेणं. तिथे नंबरप्लेट बघा. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे भाड्याने द्यायचं रीतसर परमिट. पांढऱ्या पाटीवर काळी अक्षरं म्हणजे कुणाची तरी खासगी गाडी. शंभर-दोनशे रुपये स्वस्त मिळते म्हणून ती घेतली, तर लक्षात ठेवा, खासगी पॉलिसीत भाड्याने वापर चालतच नाही. 'पोलिसांनी विचारलं तर मित्राची आहे सांगा' असं गाडीवाला शिकवून ठेवतो. पोलीस एक वेळ ऐकतीलही, विमा कंपनी ऐकणार नाही.

हाच नियम वीकेण्डला डिलिव्हरीचा पार्टटाइम जॉब करणाऱ्यांनाही लागू. मित्राची खासगी बाईक घेऊन पार्सलं पोचवताना अपघात झाला, की पॉलिसीतल्या वापराच्या अटीवर बोट ठेवलं जातं. रेसिंगचंही तसंच.

मग करायचं काय? स्वतःचं कव्हर घ्या!

गाडी कुणाचीही असो, तुमच्यासोबत फिरेल असा विमा घ्या. फार खर्च नाही.

सर्वात स्वस्त म्हणजे प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना. वय १८ ते ७० आणि बँक खातं हवं, बस. १ जून २०२२ पासून वर्षाचा हप्ता २० रुपये. अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला २ लाख, अंशतः अपंगत्वाला १ लाख. कटिंग चहाच्या पैशात!

त्यावर एक वैयक्तिक अपघात पॉलिसी घ्या. विमा नियामकाने एप्रिल २०२१ पासून सगळ्या जनरल विमा कंपन्यांना 'सरल सुरक्षा बिमा' नावाची एकसारखी पॉलिसी द्यायला सांगितलंय. अडीच लाखांपासून १ कोटीपर्यंत. कामावर जाता येत नाही त्या काळातली भरपाई आणि हॉस्पिटलचा खर्च हे जादा भाग म्हणून घेता येतात. बाबांच्या नावावरची गाडी रोज चालवणाऱ्यांनी तर हे आधी करा.

हॉस्पिटलच्या बिलासाठी मेडिक्लेम. कंपनीचा ग्रुप मेडिक्लेम असतोच, पण किती रकमेचा, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक असतं? एचआरला मेल टाका. त्याच मेलमध्ये विचारा, ग्रुप अपघात विमा आहे का आणि नॉमिनी कोण? नोकरी बदलली की दोन्ही संपतात, हेही ध्यानात ठेवा.

शिवाय मे २०२५ मध्ये केंद्राने रस्ते अपघातातल्या जखमींसाठी कॅशलेस उपचारांची योजना अधिसूचित केली. नेमलेल्या हॉस्पिटलांत अपघातापासून ७ दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत. गाडी कुणाची, चूक कुणाची हा प्रश्न त्यात येत नाही. दोस्तांच्या ग्रुपवर ही माहिती आत्ताच फॉरवर्ड करा.

चौकट: चावी हातात घेण्याआधी दोन मिनिटं

• एम-परिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाका. विम्याची मुदत दिसते. संपलेली असेल तर चावी परत.

• 'फुल' आहे की 'थर्ड पार्टी', स्पष्ट विचारा. डबलसीट जाणार असाल तर दोनदा विचारा.

• आरसी आणि पॉलिसी डिजिलॉकरवर मालकाकडे असते. कॉपी मागवून ठेवा, पॉलिसी नंबर लगेच सापडतो.

• मालकाचा 'घेऊन जा' असा एक मेसेज असू द्या. परवानगीचा तोच पुरावा.

• तुमच्या लायसन्सचा फोटो मालकाला न मागता पाठवा.

• चावी गाडीला लावून पाणीपुरी खायला जाऊ नका. चोरी झाली की कंपनी दोन्ही चाव्या मागते.

• धडपड झालीच, तर आधी जखमींना हॉस्पिटल, मग पोलीस, मग मालकाला फोन. कंपनीला कळवण्याआधी गाडी गॅरेजमध्ये खोलू नका.

• ई-चलान मालकाच्या नावावर जातं. आलं की तुमचं तुम्ही भरा.

मित्राला गाडी द्यायचं बंद करा, असं कुणीच म्हणत नाहीये. उसन्या बाईकवर घाटात भिजण्यात जी मजा आहे ती आहेच. फक्त एवढं लक्षात असू द्या, की मित्र तुम्हाला गाडी देऊ शकतो, हेल्मेट देऊ शकतो, भरलेली टाकीसुद्धा देऊ शकतो. स्वतःचा विमा मात्र तो तुम्हाला उसना देऊ शकत नाही. तो तुमचा तुम्हालाच काढावा लागतो. २० रुपयांपासून सुरू होतो, आज लंच टाइममध्येच उरकून टाका!